कळल्यापासून बहात्तर तास

या घटनाक्रमातला शून्य तास म्हणजे सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५. राजकोटच्या एका प्रसूतिगृहात, जिथे बायकांना तपासतात आणि इंजेक्शन देतात त्या खोलीतले व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामच्या मार्गाने विकले जात होते. त्या दिवशी ही गोष्ट गुजरातभर झाली आणि अहमदाबादच्या सायबर क्राइम ब्रँचने गुन्हा नोंदवला. धागा ओढत गेल्यावर तो लातूर, सांगली, वसईला आणि तिथून सुरतला पोचला. प्रसूतिगृहाचं नाव बातम्यांत आलेलं आहे. मी ते इथे देत नाही, कारण त्या नावाने अजूनही काय काय शोधलं जात असेल याची कल्पना करवत नाही.

खालचे तास मी दिवसांना चोविसाने गुणून काढलेत, पोलिसांच्या कागदांत ते तसे सापडणार नाहीत. पण आपला कायदा अशा प्रकरणात तासांत बोलतो. अमुक गोष्ट सहा तासांत कळवा, तमुक बहात्तर तासांत. तेव्हा त्याच मापाने मोजून बघू.

१३,३४४ तास आधी

११ ऑगस्ट २०२३. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं त्याला तेव्हा सहा वर्षं होत आली होती. मधल्या काळात, २०१८ मध्ये, खास आरोग्याच्या माहितीसाठी ‘दिशा’ नावाच्या कायद्याचा मसुदाही निघाला होता. तो मसुदाच राहिला. नव्या कायद्यातले आकडे मात्र दणदणीत होते. माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, माहिती फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. फक्त तो लागू कधी होणार, हे नियम निघाल्यावर ठरणार होतं.

तोवर रान मोकळं होतं, असंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३-अ कलम आणि त्याखालचे २०११ चे नियम होतेच. त्यांत शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय इतिहास ‘संवेदनशील माहिती’ म्हणून नोंदलेले आहेत. व्यवसाय म्हणून चालवलेलं छोटं नर्सिंग होमसुद्धा त्यांतून सुटत नाही. पण ४३-अ खाली भरपाई हवी असेल तर जिचं नुकसान झालं तिनेच राज्याच्या आयटी सचिवांपुढे अर्ज घेऊन जायचं. आपलं नाव सांगायचं, आपला तो व्हिडिओ आहे हे दाखवायचं आणि त्याने आपलं किती रुपयांचं नुकसान झालं ते सिद्ध करायचं. ज्याने कुणी ही वाट आखली, त्याच्या डोळ्यांपुढे बँकेचा ग्राहक असावा. बाळंतीण खचितच नसावी.

साधारण ९,९०० तास आधी

जानेवारी २०२४. पोलिसांच्या तपासानुसार चोरलेल्या क्लिपा याच महिन्यापासूनच्या आहेत.

खरी सुरुवात त्याआधी कधीतरी झाली, आणि तिची तारीख कुठल्याच कागदावर नाही. ज्या दिवशी कॅमेरेवाला येऊन गेला तो तो दिवस. हे काम आपल्याकडे कसं होतं ते कुठल्याही तालुक्याच्या गावात बघायला मिळेल. एक मुलगा शिडी घेऊन येतो, त्याच्याबरोबर वायर ओढायला दुसरा. दुपारपर्यंत आठ कॅमेरे लागतात. डीव्हीआरचा, म्हणजे चित्रीकरण साठवण्याचा, काळा डबा रिसेप्शनच्या मागच्या फळीवर, औषधांच्या नमुन्यांच्या खोक्यांशेजारी बसतो. मग डॉक्टरांचा मोबाइल मागितला जातो, अ‍ॅप टाकलं जातं, डब्याच्या बुडावरचा क्यूआर कोड स्कॅन होतो आणि डॉक्टरांना घरच्या सोफ्यावर बसून ओपीडी दिसायला लागते. सगळे खूश. पासवर्ड कारखान्यातून आलेला तोच राहतो, किंवा कॅमेरेवाला आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना जो देतो तो. कारण पुढच्या महिन्यात ‘दिसत नाही हो’ असा फोन आला, तर त्याला स्वतःला तो आठवायला हवा. वहीत कोण लिहीत बसणार?

राजकोटच्या त्या डब्याचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन१२३’ होता, असं तपासात पुढे आलं.

ही काही २०२४ मध्ये नव्याने कळलेली गोष्ट नव्हती. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे अफाट ज्ञान वगैरे काही नव्हतं, कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्ड जोड्यांची एक यादी होती. तेवढ्या यादीवर त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. आठ वर्षांनंतरही ती यादी जुनी झालेली नाही.

७,५३६ तास आधी

९ एप्रिल २०२४. केंद्र सरकारने सीसीटीव्हीच्या सुरक्षिततेचे निकष राजपत्रात छापले. कॅमेरा विकायचा तर आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागणार होता. उद्योगाला तयारीसाठी मुदत दिली गेली, ती वाढली आणि अखेर ९ एप्रिल २०२५ वर जाऊन थांबली. निकष नव्याने विकल्या जाणाऱ्या मालाला. आधीच भिंतीवर लागलेल्या कॅमेऱ्यांचं काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या कॅमेरेवाल्यावर सोडलेला.

मधले साडेपाच-पावणेसहा हजार तास

२०२४ च्या उरलेल्या महिन्यांत जे चाललं त्याचं तंत्र अगदी सामान्य आहे. इंटरनेटवर उघड्या असलेल्या डब्यांचे पत्ते शोधून काढणारी सॉफ्टवेअर मिळतात. पत्ता सापडला की दुसरं सॉफ्टवेअर त्याच्या दारावर पासवर्डांची माळ लावतं. हा नाही तर तो, तो नाही तर पुढचा. याला ब्रूट फोर्स म्हणतात. पाच वेळा चुकलं तर दार अर्धा तास बंद, एवढी साधी सोय डब्यात नसेल तर सॉफ्टवेअर रात्रभर दार वाजवत बसतं आणि ते वाजल्याचं आत कुणाला ऐकू जात नाही. ‘अ‍ॅडमिन१२३’ साठी तर रात्र लागायचंही कारण नाही.

पोलिसांच्या म्हणण्यानुसार हे दार वाजवणारा मुख्य माणूस सुरतचा होता. वाणिज्य शाखेचा पदवीधर, तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरणारा. न्यायालयात काय टिकेल ते टिकेल. पण सुरतचं नाव ऐकून मी थोडा थबकलो, कारण कॅमेऱ्याच्या नजरेखाली जगायची सवय ज्या शहरांना फार आधी लागली त्यांत सुरत येतं. वराछा-कतारगामच्या हिरे कारखान्यांत रत्नकलाकार पैलू पाडायच्या एका ‘घंटी’भोवती चार-पाच जण बसतात आणि वरून कॅमेरा बघत असतो. हिरा एवढासा, नखात मावणारा, त्यामुळे तिथे कॅमेऱ्याला कुणी हरकत घेत नाही. शहराच्या रस्त्यांवरही पोलिसांनी लोकवर्गणीच्या साथीने २०१३ पासून कॅमेऱ्यांचं जाळं उभं केलं आणि त्याचं देशभर कौतुक झालं. लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणारी आपली खानदेशी मंडळी यंत्रमागाच्या खात्यात जातात तेव्हा डोक्यावर कॅमेरा असतो, शाळेत पोरं पोचवतात तेव्हा असतो. दवाखान्यात असला तर वेगळं काय वाटणार? ‘आप कैमरे की नजर में हैं’ ही पाटी दिसली की उलट आपण जरा सुरक्षित आहोत असं वाटतं. त्या पाटीवर कोणाच्या नजरेत, ते लिहिलेलं नसतं.

पुढे पोलिसांच्या हवाल्याने जो हिशेब छापून आला तो असा. देशभरातले सुमारे ८० सीसीटीव्ही डॅशबोर्ड, वीस राज्यं, ५० हजारांच्या घरात क्लिपा. पुणे, मुंबई, नाशिक, सुरत, अहमदाबाद, दिल्ली. त्यांत शाळा, कचेऱ्या, कारखाने आणि लोकांची घरंही होती. प्रसूतिगृह त्यातलं एक.

१,८५० तास आधी, अंदाजे

डिसेंबर २०२४ ची सुरुवात. चोरलेल्या चित्रीकरणाचा काळ इथे संपतो. सुमारे वर्षभर एका खोलीत कुणीतरी बसून होतं आणि त्या खोलीतल्या एकाही माणसाला ते कळलं नव्हतं.

दिल्लीच्या एम्सशी हे ताडून बघण्यासारखं आहे. तिथला घटनाक्रम सहज लिहिता येतो. २३ नोव्हेंबर २०२२, सकाळी सातच्या सुमाराला ई-हॉस्पिटलची यंत्रणा बंद पडली. नोंदणी अडली, प्रयोगशाळेचे अहवाल निघेनात, बिलं निघेनात, ओपीडीच्या रांगा अंगणात आल्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं हाताने लिहायला घेतल्याचं आणि हा रॅन्समवेअरचा हल्ला असावा असं निवेदन निघालं. दोन दिवसांत दिल्ली पोलिसांकडे गुन्हा. नंतर मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली गेली. एवढा गाजावाजा झाला, कारण चोराने काम थांबवलं होतं. पडदे काळे पडले की दवाखान्याला कळतं. राजकोटमध्ये चोराने काहीच थांबवलं नाही. पेशंट येत होते, बाळंतपणं होत होती, डॉक्टरांच्या मोबाइलवर ओपीडी स्वच्छ दिसत होती.

१,०८० तास आधी

३ जानेवारी २०२५. डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा जाहीर झाला आणि त्यावर सूचना-हरकती मागवल्या गेल्या. मसुद्यात लिहिलं होतं की माहिती फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला तपशील कळवायचा आणि बाधित व्यक्तीला विनाविलंब सांगायचं. तो मसुदा लोक वाचत असताना त्या क्लिपा बाजारात होत्या.

शून्य

यूट्यूबच्या एका चॅनेलवर, ज्याच्या नावात डॉक्टरकीची पदवी मिरवलेली होती, छोटे तुकडे टाकलेले. खाली टेलिग्रामच्या गटाचा दुवा. आत गेल्यावर पूर्ण व्हिडिओंचे दर: ८०० रुपयांपासून २,००० पर्यंत. १७ फेब्रुवारीला हे उघड झालं. रुग्णालयाने सांगितलं की व्हिडिओ बाहेर कसे गेले ते आम्हाला माहीत नाही, आमचा सीसीटीव्ही सर्व्हर हॅक झालेला दिसतो.

मला हे वाक्य खोटं वाटत नाही. त्यांना खरंच माहीत नसावं, आणि भीती वाटायची ती याचीच. पण दुसराही एक प्रश्न आहे, तो हॅकरला विचारून उपयोग नाही. बाईला कपडे बाजूला करावे लागतात त्या खोलीत कॅमेरा कशासाठी? दवाखान्यांवरचे हल्ले, नातेवाइकांचे आरोप, हे मी समजू शकतो. त्यासाठी कॅमेरा दाराबाहेर चालतो.

सहा तासांनी

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांवरचे हल्लेही त्या यादीत आहेत. आता ‘लक्षात आल्यापासून’ यावर बोट ठेवा. ज्याचं लक्षच नाही त्याचे सहा तास सुरूच होत नाहीत. युरोपातही घड्याळ कळल्यापासूनच चालतं, फक्त तिथे कळून गप्प बसण्याची किंमत वसूल होते. फिनलंडमधल्या ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्राच्या रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये खुद्द रुग्णांना खंडणीचे ईमेल आले. तिथल्या माहिती आयुक्तालयाने संस्थेला ६,०८,००० युरोंचा दंड केला, त्यात माहिती वेळेत न कळवण्याचं कारणही होतं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये दंड करणारं मंडळच अस्तित्वात नव्हतं.

४८ तासांच्या आसपास

पोलिसांचं काम मात्र झपाट्याने झालं. त्याच आठवड्यात तिघे पकडले गेले. एक लातूरचा, एक सांगलीचा, एक प्रयागराजचा. लातूरचं नाव वाचून आपल्या घरात अनेकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं असेल. डॉक्टर व्हायला पोरं जिथे पाठवतात ते ते गाव.

गुन्हा सायबर क्राइमने आपणहून नोंदवला होता. व्हिडिओतल्या बायकांपैकी कुणी फिर्याद घेऊन पुढे आल्याचं दिसलं नाही. यात नवल काय आहे? सासर आहे, गाव आहे, पोर लहान आहे. आयटी कायद्याचं ६६-ई, ६७, न्याय संहितेतलं चोरून बघण्याचं कलम, आणि शिवाय ६६-एफ, म्हणजे सायबर दहशतवाद, ज्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गुन्हेगाराच्या अंगावर जेवढं टाकता येईल तेवढं टाकलं. दार उघडं ठेवणाऱ्याच्या बाबतीत कायदा इतका बोलका नव्हता.

७२ तासांनी

नियम लागू असते तर इथवर मंडळाकडे सविस्तर अहवाल गेला असता. काय फुटलं, कसं फुटलं, किती जणी, त्यांना कळवलं का. नियम नव्हते, त्यामुळे हा टप्पा रिकामा आहे.

सरकारला दवाखान्यात शिरून तपासणी करता येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने एखाद्या सोनोग्राफी सेंटरवाल्या डॉक्टरशी बोलून बघावं. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो, दोन वर्षं जपावा लागतो, आणि त्यात एक रकाना कोरा राहिला तरी मशीनला सील लागू शकतं. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी तर सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडायला लावले होते. रेडिओलॉजिस्ट त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, रुग्णेच्या खासगीपणाचा मुद्दा मांडला, आणि २०११ मध्ये हरले. त्या निकालाशी माझं भांडण नाही, मुलींची संख्या बघता तो योग्यच होता. पण यावरून एवढं दिसतं की सरकारने मनावर घेतलं की दवाखान्यातल्या एका यंत्रावर नजर ठेवायला माणूस, फॉर्म, सील, कोर्ट सगळं उभं राहतं. त्याच इमारतीतल्या काळ्या डब्याचा पासवर्ड बघायला आजवर कुठला निरीक्षक आला?

राजकोटकडे बोट दाखवताना आपण महाराष्ट्राचंही आठवावं. २०२० मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभरातले उघडे पडलेले एक्स-रे, सीटी, एमआरआय मोजले, तेव्हा भारतात पहिला नंबर महाराष्ट्राचा लागला होता. जवळजवळ सात कोटी प्रतिमा, बऱ्याच रुग्णाच्या नावासकट. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांवर अहवाल, एचआयव्हीचे धरून, इंटरनेटवर कुणालाही वाचता येत होते. तेही बाहेरच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

साधारण २०० तासांनी

फेब्रुवारी संपत आला आणि तपास सुरतला पोचला. वाणिज्य पदवीधर तिथे सापडला, त्याच सुमाराला वसईतून एकाला उचललं. सुरुवातीला परदेशी हॅकरांची नावं घेतली जात होती, रोमानियापासून अटलांटापर्यंत. निघाला आपल्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरचा.

१,२२४ तासांनी

९ एप्रिल २०२५. सीसीटीव्हीचे निकष सक्तीचे झाले. नव्या कॅमेऱ्यांना.

जून २०२५

अटका होऊन चार महिने झाले तरी त्यातल्या क्लिपा टेलिग्रामवर मिळत होत्या, असं नंतर छापून आलं. गट बंद होतो, दुसऱ्या नावाने उघडतो. टेलिग्रामवरचा हा बाजार रुग्णांच्या माहितीला नवा नाही. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांचे वैद्यकीय कागद तिथेच बॉटकडून मागता येत होते.

६,४८० तासांनी

१४ नोव्हेंबर २०२५. डेटा संरक्षण कायद्याचे नियम राजपत्रात आले. ७२ तास कायम राहिले. कोणी कधी आत शिरलं त्याच्या नोंदी किमान वर्षभर जपायच्या, हेही आलं. मंडळ लगेच, बाकीच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिने. म्हणजे मे २०२७, आणखी सुमारे १३,१०० तास.

कायदा पुरता लागू झाला की जुनं ४३-अ कलम निघून जाईल. मग जिचा व्हिडिओ फुटला तिला या कायद्यात भरपाई मागायची सोयच उरणार नाही. २५० कोटींपर्यंतचा जो दंड होईल तो भारताच्या संचित निधीत जमा होईल. ती मंडळाकडे तक्रार करू शकेल, आधी दवाखान्याकडे दाद मागून झाल्यावर.

वर्षभराच्या नोंदींचंही गमतीशीर आहे. नर्सिंग होममधल्या साध्या डीव्हीआरची डिस्क पंधरा दिवस ते महिनाभरात भरते आणि जुन्यावर नवं चढतं. त्यात वर्षाच्या नोंदी ठेवायच्या तर डबा बदलायला हवा, निदान कुठेतरी वेगळी साठवण हवी, आणि ते बसवायला माणूस लागेल. बहुतेक ठिकाणी तोच शिडीवाला मुलगा येईल.